कांचळीवरची कवडी

दिवाळीच्या अमावास्येला वाशीम जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांत 'मेरा' निघतो. लग्न न झालेल्या मुली हातात दिवा घेऊन आधी नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरी जातात आणि मग दारोदार थांबून घरच्यांसाठी सुखाचं मागणं गातात. अंगावर फेटिया म्हणजे घागरा आणि आरशा-कवड्यांनी भरलेली कांचळी म्हणजे चोळी. दुसऱ्या दिवशी याच मुली रानातून फुलं आणून गोधनाला वाहतात.

शाळेत न घालता मुलांना घरीच शिकवणारे पालक महाराष्ट्रात आता नवलाचे राहिलेले नाहीत. वयाच्या चौदाव्या वर्षानंतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी देता येते, त्यामुळे परीक्षेची वाट मोकळी असते. अडतं ते लहान वयात. पाच-सात वर्षांच्या मुलाला 'जगातल्या संस्कृती' शिकवायच्या, तर सुरुवात कुठून करायची? बहुतेक पुस्तकं झेंडे आणि राजधान्यांपासून करतात. मूल पाठ करतं आणि विसरतं. त्यापेक्षा कांचळीवरची ती कवडी हातात द्यावी.

ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बालवाड्या चालवल्या. माँटेसरी शिक्षणपद्धतीचं महागडं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. म्हणून खडे, बिया, शिंपले, पानं हेच साहित्य झालं आणि मुलं त्यावरच मोजायला, जुळवायला शिकली.

कवडी नीट पाहायला लावावी. एक बाजू फुगीर आणि गुळगुळीत, दुसरीकडे दातेरी फट. कापडावर शिवायची तर पाठीला भोक पाडावं लागतं. मग जमिनीवर खडूने पाच बाय पाचची घरं आखून चल्लस-आठचा डाव मांडावा. चारही कवड्या उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. दोन-तीन डावांतच मूल न मोजता दान सांगू लागतं. पटावरच्या अशाच खेळांपैकी पचिसी पुढे इंग्लंडला गेली, कवड्यांच्या जागी फासा आला आणि १८९६ साली तिथे 'लुडो' नावाने तिचं पेटंट घेतलं गेलं. घरातला लुडो शेजारी ठेवून दोन्ही पट ताडून पाहण्यात मुलांचा अख्खा दिवस जातो.

आता प्रश्न येतोच: ही कवडी आली कुठून? वाशीमला समुद्र नाही. कवड्यांची मोठी खाण म्हणजे मालदीव. चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूता तिथे काझी होता. समुद्रातून काढलेल्या कवड्या खड्ड्यात पुरून आतलं मांस कुजवतात आणि त्या बंगालला देऊन बदल्यात तांदूळ घेतात, हे त्याने लिहून ठेवलं. पुढे आफ्रिकेतल्या माली आणि गाओमध्ये त्याला याच कवड्या बाजारात दिसल्या; भाव एका सोन्याच्या दिनाराला १,१५०. नकाशावर या ठिकाणांना लाल दोरा बांधायला मुलाला फार आवडतं.

दोरा इथे थांबत नाही. चीनमध्ये सुमारे ३,२०० वर्षांपूर्वीच्या फू हाओ या राणीच्या थडग्यात साडेसहा हजारांहून अधिक कवड्या सापडल्या. चिनी लिपीत पैसा आणि व्यापाराच्या कितीतरी शब्दांत शिंपल्याचं चिन्ह आजही आहे. मुलं ते ब्रशने काढून पाहू शकतात. घानाच्या चलनाचं नाव 'सेडी'. हा तिथल्या अकान भाषेतला कवडीचा शब्द. आणि आपण म्हणतो 'कवडीमोल', 'फुटकी कवडी नाही'. भाषेने जुना पैसा जपून ठेवला तो असा.

याच प्रवासाचं एक काळं पान आहे. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी मालदीवच्या कवड्या जहाजं भरभरून पश्चिम आफ्रिकेत नेल्या आणि त्या मोजून माणसं विकत घेतली. दहा वर्षांच्या मुलाला हेही सांगायलाच हवं. फक्त रंगीत कपडे आणि गोडधोड दाखवून संपणारं संस्कृतीचं शिक्षण अर्धवट राहतं.

बंजारा समाजही व्यापाराचाच. बैलांच्या तांड्यांवर मीठ आणि धान्य लादून तो देशभर हिंडला. रेल्वे आली आणि तो धंदा बसला. हा इतिहास मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला पाहता येतो. संत सेवालाल महाराजांच्या या तीर्थक्षेत्री ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. चार मजले, तेरा दालनं. दूरच्या जगाचा धागा खुद्द वाशीमच्या जुन्या इतिहासातही सापडतो: हे शहर म्हणजे वाकाटक राजघराण्याचं वत्सगुल्म. इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं खोदवलं. त्याच अजिंठ्याच्या भिंतींवर टोकदार टोप्या घातलेले परदेशी पाहुणे रंगवलेले आहेत. मुलाने ती टोपी कागदाची करून घालावी.

सुट्टीत मुलांना घेऊन तांड्यावर जाणार असाल तर आधी विचारून जा. फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्या. आणि शक्य झालं तर एखाद्या याडीजवळ (बंजारा बोलीत आई) मुलाला तासभर बसवा आणि एक कवडी त्याच्याच हाताने कापडावर टाचू द्या.