बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी काय करतो?



शाळेतला जुना कॉम्प्युटर सुरू करत होते. स्क्रीन अजून काळीच. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, विंडोज यायच्या आधी कॉम्प्युटर काय करतो?" मी म्हणाले, "सुरू होतो." हे काही उत्तर नव्हे, हे तिलाही कळलं आणि मलाही. म्हणून सुट्टीत बसून असा सुरुवातीचा एक प्रोग्रॅम मी स्वतःच लिहून पाहिला.

जुन्या पद्धतीच्या कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बायोस नावाचा प्रोग्रॅम असतो. तो मेमरी, कीबोर्ड वगैरे तपासतो आणि डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो. हा सेक्टर फक्त ५१२ बाइटचा. तो मेमरीत ३१,७४४ या पत्त्यावर ठेवला जातो (१६ च्या पायात लिहिलं तर ७सी००). शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ आणि एए ही खूण असेल, तर बायोस पुढचा कारभार त्या सेक्टरमधल्या प्रोग्रॅमकडे सोपवतो. नव्या कॉम्प्युटरमध्ये बायोसच्या जागी यूईएफआय आलंय, तिथली रीत वेगळी आहे.

यासाठी लागणारी साधनं फुकट मिळतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसी हा कंपायलर १९८७ मध्ये सर्वांसाठी खुला केला. पण माझी पहिली चूक इथेच झाली. मला वाटलं, सी भाषेत प्रिंटएफ लिहिलं की झालं! पण प्रिंटएफ स्वतः अक्षर काढत नाही, ते ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतं. इथे तर ती अजून आलेलीच नाही. खडू-फळा मांडलेल्या वर्गात शिकवणं वेगळं आणि रिकाम्या माळावर वर्ग भरवणं वेगळं, तसं हे. शिवाय प्रोसेसर जागा होतो १६ बिटांच्या जुन्या पद्धतीत, आणि जीसीसी एरवी ३२ किंवा ६४ बिटांचा कोड देतो.

म्हणून मी असेम्ब्ली भाषेत लिहिलं. त्यासाठी ग्नू असेम्ब्लर आहे, फक्त '१६ बिटांचा कोड हवा' असं आधी सांगावं लागतं. अक्षर एका रजिस्टरमध्ये ठेवायचं, दुसऱ्यात ०ई हा आकडा भरायचा आणि बायोसची १० क्रमांकाची सेवा (हाही १६ च्या पायातला) बोलवायची. एक अक्षर उमटतं. मग पुढचं. शेवटी प्रोसेसरला जागच्या जागी फिरत ठेवायचं, नाहीतर तो पुढे लिहिलेली अक्षरंसुद्धा हुकूम समजून पाळायला लागतो!

त्यानंतर लिंकर. त्याला दोन गोष्टी सांगायच्या: पत्ता ७सी००, आणि फाइल नुसत्या कच्च्या बाइटची हवी. पत्ता सांगायचा राहिला तर प्रोग्रॅम आपला मजकूर भलतीकडेच शोधतो.

एवढं करूनही माझा प्रोग्रॅम चालेना. कारण सापडायला दोन संध्याकाळी गेल्या. मी शेवटची खूण ५५एए अशी एकच संख्या म्हणून लिहिली होती. पण हा प्रोसेसर संख्येचा लहान भाग आधी ठेवतो, म्हणजे डिस्कवर एए आधी आणि ५५ नंतर गेलं. लिहायला हवं होतं एए५५. आपली मुलं 'पंचेचाळीस' ऐकून ५४ लिहितात ना? पाच आधी ऐकू येतो म्हणून. अगदी तीच चूक माझी!

एक काळजी मात्र घ्या. हे प्रयोग शाळेच्या खऱ्या हार्ड डिस्कवर करू नका. तिच्या पहिल्या सेक्टरमध्येच डिस्कच्या भागांचा तक्ता असतो. तो पुसला की कॉम्प्युटर सुरूच होत नाही, आणि मुलांचं काम कुठे आहे ते शोधणं अवघड होऊन बसतं. क्यूईएमयू हा कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर फुकट मिळतो, त्यातच चालवा.

मला 'नमस्कार' देवनागरीत हवं होतं, पण बायोसकडे आपली अक्षरंच नाहीत. रोमनमध्ये लिहिलं. काळ्या पडद्यावर ते उमटलेलं पाहून त्या मुलीनं लगेच विचारलं, "मग बायोसला कोण सुरू करतं?"

या वेळी उत्तर तयार होतं. कोणीच नाही. वीज आली की पहिला हुकूम कोणत्या पत्त्यावरून घ्यायचा, हे प्रोसेसर बनवतानाच ठरलेलं असतं. बायोसची चिप त्याच पत्त्यावर जोडलेली असते.