पाळायला कोणता साप बरा?

गेल्या श्रावणातली गोष्ट. सुरतेस एका शिष्याच्या घरी शिकवणीला गेलो होतो. घर जुन्या दक्षिणी वस्तीतले. भाजीवाल्याशी गुजराती आणि देवघरात मराठी, असा तीन पिढ्यांचा रिवाज. मुलगा तेरा वर्षांचा. गळा चांगला, पण त्या दिवशी लक्ष यमनात नव्हते. शेवटी तंबोरा बाजूला ठेवून त्याने हळूच विचारले, "गुरुजी, पहिल्यांदाच पाळायचा असेल तर कोणता साप बरा?"

आम्ही हसलो. मग कळले की पाहुणा घरात येऊन बसलाच आहे. मागच्या अंगणात सापडलेला, हातभर लांबीचा, काळपट अंगावर पांढरे पट्टे असलेला साप भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात, मुलाच्या पलंगाखाली, दोन रात्री मुक्कामाला होता. "कवड्या आहे, बिनविषारी," असा निर्णय चिरंजिवांनी मोबाइलवरच्या चित्रावरून दिला होता.

आमचे हसणे तिथेच थांबले. कवड्या आणि मण्यार यांच्यात भल्याभल्यांची फसगत होते. दोघे रात्रीचे हिंडणारे, दोघे घरात शिरणारे, दोघांच्या अंगावर आडवे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे डोक्यापासून काही अंतरावर सुरू होतात, शेपटीकडे ठळक असतात आणि बहुधा जोडीजोडीने येतात. वाचायला हे सोपे वाटते. कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात, वळवळणाऱ्या जिवावर, ते सोपे नसते. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतसुद्धा नाही. माणूस झोपेतून पोटदुखीने उठतो, पापण्या जड होतात आणि पुढे श्वास अडखळू लागतो. नाग, घोणस, फुरसे यांच्याबरोबर ती आपल्याकडच्या चार मोठ्या वैऱ्यांत मोजली जाते, ती उगीच नव्हे.

फोन केल्यावर सर्पमित्र तासाभरात आला. त्याने डबा उजेडात धरला, झाकण न उघडता पाहिला आणि म्हणाला, "कवड्याच आहे." मुलाने आमच्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. सर्पमित्र मात्र गंभीरच होता. "तुझा अंदाज बरोबर निघाला," तो म्हणाला, "पण तो अंदाजच होता."

पकडलेला साप घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. गारुड्याच्या टोपलीला लागू होणारा कायदा आपल्या पलंगाखालच्या डब्यालाही लागू होतो, हे आपल्या लोकांच्या पटकन ध्यानात येत नाही. धामण, दिवड, तस्कर, मांडूळ, सगळे यात आले. मांडुळाचे तर हाल विचारू नयेत. त्याच्याने धन मिळते या खुळापायी त्याची चोरटी खरेदी-विक्री चालते. आमच्या मते बिनविषारी असण्याचा सर्वांत मोठा तोटा कोणाला होत असेल, तर तो या गरीब जिवाला.

मग उरतात परदेशी साप. हौशी लोक प्रथम दोन नावे घेतात: पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन आणि अमेरिकेतला कॉर्न स्नेक. दोन्ही बिनविषारी, चार-पाच फुटांच्या आतबाहेरचे, हाताळायला शांत. त्यांतला बॉल पायथन आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांच्या यादीत आहे. कॉर्न स्नेक त्या यादीत नाही. यादीतले प्राणी २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यातही आले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांच्या नोंदणीचे नियम निघाले. मालकी बदलली, पिल्ले झाली, प्राणी मेला, तरी कळवायचे. म्हणजे विकणाऱ्याजवळ कागद नसेल तर साप कितीही देखणा असो, उंबऱ्याबाहेरच बरा.

कागद झाले तरी खरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. हे साप दूध पीत नाहीत, भात खात नाहीत. त्यांना उंदीर लागतो, तोही बहुधा गोठवलेला, मग कोमट करून दिलेला. मुलाच्या आजींना हे सांगितले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि तो ठेवायचा कुठे? श्रीखंडाच्या डब्याशेजारी?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यात बॉल पायथन कधीकधी महिनोन्महिने अन्नाला तोंड लावत नाही आणि नवा मालक घाबरून जातो. डब्याची एक बाजू उबदार, दुसरी थंड लागते. आयुष्य कॉर्न स्नेकचे पंधरा-वीस वर्षे, पायथनचे वीस-तीस. तेरा वर्षांचा मुलगा पाच वर्षांनी कॉलेजसाठी पुण्या-मुंबईला जाणार. मग तो साप वहिनींच्या गळ्यात पडणार. वहिनींना पालीचीही भीती वाटते.

आम्ही मुलाला म्हटले, पाळायचाच तर पुढे कॉर्न स्नेक, कागदपत्रे पाहून. पण आधी वर्षभर सरथाण्याच्या प्राणीसंग्रहालयात जाऊन साप पाहा आणि वडिलांना घेऊन या सर्पमित्राला भेटत जा. सुरत पूर्वी इंग्रजांची होती, तरी कामरेज, व्यारा, सोनगड हा मुलूख तेव्हा गायकवाडी होता. तिकडच्या रानात सापांना तोटा नाही. पकडू नकोस, ओळखायला शिक.

तो जरा हिरमुसला. मग त्याने आमच्याच प्रांतातला प्रश्न काढला: "गुरुजी, साप तंबोरा ऐकतो का?"

पुंगीवर नाग डोलतो ही समजूत आम्हीही लहानपणी बाळगली होती. नाग डोलतो तो पुंगीच्या आणि गारुड्याच्या हालचालीवर. सापाला बाहेरचा कान नसतो, कानाचा पडदाही नसतो; कवटीला जाणवणाऱ्या कंपावर त्याचे ऐकणे चालते. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१२ साली बॉल पायथनवर प्रयोग करून दाखवले की सेकंदाला ८० ते १६० कंपने या पट्टीत त्याची जाण सर्वांत तीव्र असते. आम्ही हिशेब केला. पुरुषाचा काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३८ कंपनांवर येतो. म्हणजे पुंगीपेक्षा आमचा सा त्याला अधिक कळण्याजोगा.

हे ऐकताच चिरंजिवांनी तंबोरा उचलला. सर्पमित्र डबा घेऊन जिना उतरत होता. मुलाचा आवाज अजून फुटायचा आहे, त्याचा सा बराच वरचा. तरी त्या दिवशी त्याने दारापर्यंत ऐकू जाईल असा, प्रथमच न हलता, सा लावला.