म्हातारा सोबती

"अहो, पिल्लू आणा की! म्हातारं कुत्रं कशाला? दोन-तीन वर्षांचा तर सोबती!" वयस्क कुत्रा घरी आणण्याची गोष्ट निघाली, की कुणीतरी असे म्हणतेच. विद्यार्थी मित्रांनो, ही शंका अगदीच खोटी नाही. पण उत्तर देण्यापूर्वी कुत्र्याचे म्हातारपण म्हणजे काय, ते पाहू या.

नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्ली मेट्रोच्या सुरक्षेचे काम करणाऱ्या ७ श्वानांना केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने समारंभपूर्वक निवृत्त केले. पुढील सांभाळासाठी त्यांना एका प्राणीसेवी संस्थेकडे सोपवण्यात आले. अशा कामातले कुत्रे साधारणपणे ८ ते १० वर्षांचे झाले, की निवृत्त होतात. या वयाचा मुलगा तर तिसरी-चौथीत असतो! मग कुत्रा एवढ्यात म्हातारा कसा?

'कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे' असे आपण ऐकतो. पण हा हिशेब बरोबर नाही. एक वर्षाचा कुत्रा जवळजवळ पूर्ण वाढलेला असतो. सात वर्षांच्या मुलाचे मात्र अजून दुधाचे दात पडत असतात. आपल्या पेशींतील डीएनएला मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात आणि वयाबरोबर त्यांची मांडणी बदलत जाते. कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी १०४ लॅब्रॅडॉर कुत्र्यांमधील ही मांडणी माणसांशी ताडून पाहिली आणि २०२० मध्ये नवे सूत्र मांडले. त्यानुसार १ वर्षाचा लॅब्रॅडॉर माणसाच्या ३१ वर्षांच्या बरोबरीचा, ४ वर्षांचा ५३, ८ वर्षांचा ६४ आणि १२ वर्षांचा ७१ वर्षांच्या बरोबरीचा ठरतो. म्हणजे कुत्रा आधी भराभर मोठा होतो आणि मग सावकाश म्हातारा होतो. सगळ्या जातींना मात्र हे आकडे लागू पडत नाहीत. ग्रेट डेनसारखा धिप्पाड कुत्रा ७-८ वर्षांतच थकतो, तर पॉमेरेनियनसारखा छोटा कुत्रा १२ ते १४ वर्षे सहज जगतो.

आता म्हाताऱ्या कुत्र्याकडे नीट पाहा. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले असतात. डोळ्यांत निळसर झाक दिसते. लोक तिला मोतीबिंदू समजतात, पण पुष्कळदा ती नुसती भिंगाच्या मधल्या भागाला आलेली घट्टी असते आणि कुत्र्याला बरेच दिसत असते. कुत्र्यासमोर कापसाचा बोळा वरून सोडा. बोळा पडताना आवाज होत नाही. नजर त्याच्यामागे गेली, तर दिसते आहे असे समजावे. शंका वाटली तर पशुवैद्यांना दाखवावे.

कान मंद झालेले असतात, म्हणून झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला एकदम हात लावू नये; तो दचकून चावू शकतो. जवळ जमिनीवर पाय आपटावा, म्हणजे कंप जाणवून तो जागा होतो. सांधे झिजल्यामुळे गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात. तेथे गोणपाट अंथरावे. दात पडले असतील तर मऊ अन्न द्यावे. पाण्याचे भांडे सदैव भरलेले असावे. तो अचानक फार पाणी पिऊ लागला, तर मूत्रपिंडाचा विकार असू शकतो. दुखते म्हणून माणसाच्या वेदनाशामक गोळ्या कधीही देऊ नयेत. त्या, तसेच चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि मनुका कुत्र्याला विषारी ठरतात.

"म्हातारा कुत्रा नवे काय शिकणार?" ही दुसरी शंका. व्हिएन्नातील शास्त्रज्ञांनी बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्यांना पडद्यावरील चित्रे नाकाने ओळखायला शिकवली. म्हाताऱ्यांना शिकायला वेळ जास्त लागला; पण शिकलेले त्यांना सहा महिन्यांनंतरही आठवत होते. न पाहिलेले चित्र समोर आल्यावर तर्काने निवड करण्यात तर ते तरुणांपेक्षा सरस ठरले! तेव्हा नव्या घराची वाट, जेवणाची वेळ आणि तुमची हाक तो नक्की शिकेल. काही कुत्र्यांना मात्र विसराळूपणाचा आजार होतो. ते रात्री उगाच फिरतात, कोपऱ्यात अडकून उभे राहतात. माणसाच्या अल्झायमर रोगात मेंदूत साचतात तशाच प्रथिनांच्या गुठळ्या त्यांच्या मेंदूत सापडतात. अशा वेळी रागावू नये. घरातल्या वस्तूंच्या जागा बदलू नयेत.

आता पहिल्या शंकेकडे वळू. सोबत थोड्या वर्षांची असते, हे खरेच. एखाद्या सकाळी तो उठणार नाही आणि तुम्हांला रडू येईल. पण पिल्लाला घर पुष्कळजण देतात. मालक वारला किंवा गाव सोडून गेला, म्हणून दहाव्या वर्षी बेघर झालेल्या कुत्र्याकडे फारसे कुणी फिरकत नाही. त्याला हवे तरी काय? उबदार गोणपाट, मऊ भात, सावकाश फेरफटका आणि थोडा धीर. घरात आजी-आजोबा असतील, तर यातले बरेचसे तुम्हांला आधीच येत असेल.