मैदानाची वहिवाट

नगररचनाकार नकाशावर जागा आखतात, अभियंते ती बांधून देतात, परंतु तिच्याविषयी ममत्व उत्पन्न होते ते पिढ्यानुपिढ्यांच्या वहिवाटीने. आणि याचा प्रत्यय ज्यास हवा असेल त्याने एखादी संध्याकाळ दादरच्या शिवाजी पार्कवर काढावी. महापालिकेने १९२५ साली ‘माहीम पार्क’ म्हणून खुले केलेले आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने १९२७ साली ‘शिवाजी पार्क’ हे नाव धारण केलेले हे सुमारे २८ एकरांचे मैदान दप्तरी सरकारी मिळकत असले, तरी येथे नित्य येणारा प्रत्येकजण त्याचा उल्लेख ‘आपलं पार्क’ असाच करतो.

या आपलेपणाचे मोठे श्रेय मी भोवतालच्या बुटक्या कट्ट्याला देतो. तो कुणाला अडवीत नाही. उंची बेताची असल्यामुळे वृद्धांनाही विनासायास टेकता येते, आणि मैदानाकडे तोंड केले तर क्रिकेट, पाठ केली तर रस्त्यावरची वर्दळ, असे दोन्ही देखावे एकाच बैठकीत लाभतात. आत अनेक सामने एकाच वेळी रंगलेले असतात. एका संघाचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या खेळपट्टीला खेटून उभा असतो, तरीही हद्दीचा तंटा सहसा विकोपास जात नाही. क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकरांनी सचिन तेंडुलकरला घडविले ते याच गजबजाटात, यष्टीवर बक्षीस म्हणून रुपयाचे नाणे ठेवून.

परंतु केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहिले तर हे वर्णन अपुरेच राहील. दरवर्षी ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्यासाठी जवळच्या चैत्यभूमीवर येणारे लाखो लोक या मैदानावर मुक्काम करतात, मांडवाखाली शिदोरी सोडतात, पुस्तकांच्या दुकानांपुढे दाटी करतात, आणि राज्यघटनेची प्रत किंवा बाबासाहेबांचे एखादे चरित्र पिशवीत घालून विदर्भ-मराठवाड्याची गाडी धरतात. दादरमध्ये ज्यांचे घर नाही, त्यांच्या आयुष्यातही या मातीला असे अढळ स्थान आहे.

ही लाल माती वाऱ्याने उडून घराघरांत शिरते, ही रहिवाशांची तक्रार रास्त आहे, आणि तिच्या निवारणासाठी गवत, पाणी, माती यांविषयीच्या योजना निघतही असतात. अशा योजनांचा विचार करताना रहिवाशांइतकेच खेळाडूंचे, आणि ६ डिसेंबरला येथे उतरणाऱ्या मंडळींचेही म्हणणे महापालिकेने नोंदवून घ्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.