श्वान महामार्गापर्यंत जाऊन घुटमळले

घरफोडीची बातमी असो की खुनाची, तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं. ‘श्वान पथकास पाचारण करण्यात आले, मात्र श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले.’ वाचणारा हसून पान उलटतो. कुत्र्याला काही जमलं नाही, असा त्याचा समज होतो. पण त्या घुटमळण्यातही माहिती असते. मराठवाड्यातल्या वाळूजच्या एखाद्या कामगार वसाहतीतून निघालेला माग नगर रस्त्याच्या कडेला तुटला, तर चोर बहुधा तिथून गाडीत बसला. आता कोणता सीसीटीव्ही आधी तपासायचा, हे पोलिसाला कळलेलं असतं.

माग म्हणजे नेमकं काय? आपल्या अंगावरून दर मिनिटाला त्वचेचे हजारो सूक्ष्म पापुद्रे गळत असतात. त्यांना घाम आणि तेलकट स्राव चिकटलेला असतो. त्यावर जिवाणू जगतात आणि त्यातून ज्याचा त्याचा वास तयार होतो. गवतात, कुंपणाच्या बुडाशी, ओलसर मातीत हा वास टिकतो. तापलेल्या डांबरावर तो फार काळ राहत नाही, आणि गाडीची काच वर झाली की जमिनीवर पडणारा मालच संपतो.

हुंगण्याचं काम कुत्रं सेकंदाला साधारण पाच वेळा करतं. बाहेर पडणारा श्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे फेकला जातो. त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही, उलट नवी हवा पुढे ओढली जाते. आत गेलेल्या हवेचा साधारण आठवा भाग नाकाच्या मागच्या कप्प्यात वळतो. तिथल्या वळ्यावळ्यांच्या पातळ हाडांवर गंधपेशींचं अस्तर असतं. माणसाकडे अशा पेशी साठेक लाख, तर कुत्र्याकडे वीस कोटींहून अधिक.

यात मराठवाड्याचा उन्हाळा आडवा येतो. कुत्र्याला पंजांच्या तळव्यांखेरीज फारसा घाम येत नाही. अंग थंड ठेवायचं तर धापा टाकाव्या लागतात, आणि धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. मे महिन्यात चाळीस अंशांच्या पुढे पारा गेला असताना दुपारी दोन वाजता श्वान पथक बोलावून ‘काही मिळालं नाही’ असं लिहून टाकणं म्हणजे कागद पुरा करणं. पहाटेचं काम, थोड्या थोड्या वेळाने विश्रांती, पाणी आणि थंड गाडी हे सगळं कुत्र्याच्या लाडात मोडत नाही. त्याच्याविना नाक चालतच नाही.

पोलिसांच्या कुत्र्यांची कामं दोन जातींची आहेत. एक माग काढण्याचं, दुसरं पदार्थ शोधण्याचं. दुसऱ्या कामातलं रसायनशास्त्र गमतीचं आहे. आरडीएक्स हवेत जवळजवळ उडतच नाही. त्यामुळे कुत्र्याला त्याच्यासोबत राहिलेल्या सायक्लोहेक्झानोनसारख्या द्रावकाचा वास लागतो, असं संशोधकांचं म्हणणं आहे. कोकेनच्या बाबतीत तो वास मिथाइल बेंझोएटचा असतो. घरात गॅस गळला की आपल्याला येणारा वासही मूळ गॅसचा नसतो, त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो, तसंच हे.

मुंबई पोलिसांचा जंजीर हा पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्यांपैकी. १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या काळात या लॅब्रॅडोरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब शोधून दिले. नोव्हेंबर २००० मध्ये तो हाडाच्या कर्करोगाने गेला. जंजीर जिथे खूण करील तिथे उघडून पाहता येत होतं. स्फोटकं निघाली तर कुत्रं खरं, नाही तर खोटं. न्यायालयात पुरावा म्हणून आरडीएक्स उभं राहतं, कुत्र्याला कोणी काही विचारत नाही.

माग काढणाऱ्या कुत्र्याचं तसं नाही. ते एखाद्या दारात जाऊन बसलं किंवा रांगेतल्या एखाद्यावर भुंकलं, तर तपासून पाहायचं काय? महाराष्ट्रातल्याच, रेल्वे घसरवल्याच्या दफादार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली हा प्रश्न मांडला. कुत्रं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येत नाही आणि त्याची उलटतपासणी होत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो हस्तक, म्हणजे त्याचा दोर धरणारा पोलीस. म्हणून अशा पुराव्याला एरवी फारसं वजन देता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. २००१ साली आंध्रातल्या एका खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेलं: कुत्र्याची चूक होऊ शकते, हस्तकाची होऊ शकते, आणि दोघांच्या एकमेकांना समजण्यातही चूक होऊ शकते. तपासाला कुत्र्याची मदत जरूर घ्या, निकालाला घेऊ नका, असा त्याचा मथितार्थ.

यातली हस्तकाची चूक मोजून दाखवली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी, २०११ मध्ये. पदार्थ शोधणारं कुत्रं आणि त्याचा हस्तक अशा अठरा जोड्यांना त्यांनी एका इमारतीत शोधायला लावलं. काही ठिकाणी लाल कागद चिकटवला होता, आणि जिथे लाल कागद तिथे माल लपवलाय, असं हस्तकांना सांगितलं होतं. खरं तर इमारतीत मालच नव्हता. तरीही १४४ फेऱ्यांत मिळून २२५ वेळा ‘सापडलं’ अशी नोंद झाली. अजिबात खूण न झालेल्या फेऱ्या फक्त २१. कागद असलेल्या जागी खुणा जास्त पडल्या. म्हणजे एक तर हस्तकाचा दोर जरासा आखडला, पाऊल थांबलं आणि कुत्र्याने ते वाचलं. नाही तर कुत्र्याने काही केलंच नव्हतं, हस्तकालाच तसं दिसलं. लबाडी कोणीच केलेली नव्हती.

म्हणून माझं मत असं, की श्वान पथकासाठी नियम करायचे तर ते कुत्र्यापेक्षा हस्तकाकडे बघून करावेत. अमेरिकेत २००४ पासून एका शास्त्रीय गटाने अशी मार्गदर्शक तत्त्वं लिहिली. महिन्याला किमान १६ तास सराव, दर वर्षी नव्याने प्रमाणपत्र, खुणांपैकी किमान ९० टक्के खऱ्या ठरल्या पाहिजेत, आणि चाचणी अशी की नमुना कुठे आहे हे हस्तकालाही ठाऊक नको. अधूनमधून रिकामी खोलीही द्यावी, कारण ‘इथे काही नाही’ हे सांगता येणं हेही कसबच आहे. नेदरलँड्समध्ये वासावरून ओळख परेड घेत. काही हस्तकांना संशयिताच्या वासाच्या नमुन्याची जागा आधीच माहीत असायची, हे उघड झालं आणि वर्षानुवर्षांचे निकाल संशयात आले.

आपल्याकडे केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये पोलीस श्वानांसाठी के-नाइन कक्ष सुरू केला. राज्यातले पोलीस श्वान पुण्याच्या सीआयडी केंद्रात शिकतात. बीड पोलिसांचा श्वान रॉकी ऑगस्ट २०२० मध्ये गेला, तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला गेला आणि पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचं नाव घेतलं. तीनशेहून अधिक प्रकरणांत त्याने मदत केली होती. हा आकडा अभिमानाचा आहेच. पण शास्त्राला त्याच्या शेजारी दुसराही आकडा लागतो: किती वेळा खूण केली आणि तिथे काहीच नव्हतं? ही नोंद प्रत्येक पथकाच्या वहीत असावी आणि बचाव पक्षाच्या वकिलाला मागता यावी. चांगल्या कुत्र्याचं त्याने काही बिघडत नाही.

आपण वाचकांनीही एवढं करावं. गल्लीत घरफोडी झाली तर ११२ ला फोन करा आणि दाराबाहेर थांबा. कपाट आवरू नका. चोराची राहिलेली चप्पल, रुमाल, कटावणी उचलून ठेवू नका. शेजाऱ्यांना आत नेऊन दाखवू नका, कारण दहा माणसांचे पाय पडले की दहा माग तयार होतात. श्वान पथकाची गाडी आल्यावर मोबाइल उंचावून मागे पळू नका आणि ‘त्या पोराच्या घराकडे न्या’ असं ओरडू नका. कुत्र्याला ते कळत नाही, पण दोर धरलेला माणूस ते ऐकतो. कोणावर संशय असेल तर पथक परतल्यावर ठाण्यात जा आणि तपास अधिकाऱ्याला सांगा.