राखणीच्या कुत्र्यास सैल दोरीनें चालविणें

कुत्र्यास दोरीला धरून चालविणें यांत शिकविण्यासारखें तें काय, असा प्रश्न आमच्या शेतकरी बंधूंच्या मनांत येणें साहजिक आहे. आमचाही समज तसाच होता. राखणीचा कुत्रा दिवसा खुंट्याला, रात्रीं मोकळा. दोरीनें त्यास फिरविणें हा शहरांतील रिकामटेकड्यांचा शोक. हा समज आम्हांस किती महाग पडला, तें सांगितल्यावांचून पुढील विवेचन व्यर्थ होईल.

आमचा मोत्या गांवठी खरा, परंतु अंगानें उंच व पायानें लांब. कारवानी रक्ताचा कांहीं अंश त्याच्यांत असावा. दोन वर्षांपूर्वीं बाजाराच्या गांवीं कुत्र्यांस पिसाळरोगाची प्रतिबंधक लस टोंचण्याचें शिबिर भरलें होतें. मोत्याच्या गळ्यांत सुंभाची दोरी अडकवून आम्ही निघालों. वेशीपर्यंत त्यानें आम्हांस फरफटत नेलें, ओढ्याच्या उतारावर आम्ही पालथे पडलों, दोरी हातून सुटली आणि मोत्या आमच्या आधीं घरीं पोंचला. लस राहिली ती राहिलीच.

पुढें माघांत एक पिसाळलेलें कुत्रें रात्रीं शिवारांतून गेलें व शेजाऱ्याच्या कालवडीस चावलें. कांहीं आठवड्यांनीं ती सारखी हंबरूं लागली, तोंडांतून लाळ गळूं लागली. घशांत कांहीं अडकलें असेल म्हणून शेजाऱ्यानें तिच्या तोंडांत हात घातला. ही चूक आपल्याकडे सर्रास होते. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडांत उघडा हात कधींही घालूं नये. कालवड मेली. शेजाऱ्यानें मात्र तालुक्यास जाऊन सर्व टोंचण्या वेळेवर घेतल्या.

त्या रात्रीं मोत्या मोकळा होता. त्यास दंश झाला कीं नाहीं, हें कोणासच ठाऊक नव्हतें आणि त्यास हात लावण्याचें धाडसही कोणास होईना. सहा महिने त्यास दूर गोठ्यामागें बांधून ठेविलें. नातवंडांस अंगणांत सोडतांना त्या काळांत पोटांत जो गोळा येई, तो आम्हांसच माहीत. या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे मनुष्य काय आणि जनावर काय, बहुधा वांचत नाहीं. चावलेली जागा तत्काळ साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुणें आणि विलंब न लावितां टोंचून घेणें, हाच मनुष्यास उपाय. कुत्र्यास तीन महिन्यांच्या सुमारास पहिली लस टोंचावी व पुढील टोंचण्या पशुवैद्य सांगेल त्या मुदतीनें द्याव्या. परंतु दवाखान्यापर्यंत कुत्रा नेतांच आला नाहीं तर लस फुकट मिळून काय उपयोग?

मुदत संपली, मोत्या धडधाकट राहिला, आणि श्रावणांत आम्ही त्याच्या शिक्षणास आरंभ केला.

कुत्रा ओढतो कां, याचा विचार प्रथम केला पाहिजे. त्याची दुडकी चाल मुळांतच मनुष्याच्या चालीहून जलद. तो ओढतो, आपण पाठोपाठ एक पाऊल टाकतों. म्हणजे ओढण्याची मजुरी त्यास रोख मिळते. बरें, आपण मागें खेंचावें तर तो अधिकच पुढें रेटतो. जूं मानेवर येतांच बैल खांदा देतो, त्यांतलाच हा प्रकार. बर्फाळ मुलुखांत याच गुणाचा उपयोग करून कुत्रीं गाडीस जुंपतात. १९२५ सालीं अलास्कांतील नोम गांवच्या मुलांसाठीं घटसर्पावरील औषध अशाच गाड्यांनीं पोंचविलें होतें. आपणांस गाडी ओढावयाची नाहीं, तरी शिक्षण मात्र आपण नकळत तेंच देत असतों.

साहित्य थोडें लागतें. रुंद, मऊ पट्टा, आंत दोन बोटें सहज जातील असा. आणि चार हात लांबीची जाड सुती दोरी. सुंभ नको, साखळी नको, फांस तर मुळींच नको. गळ्याची नळी नाजूक असते. वेळ संध्याकाळची, खाण्याच्या आधींची. प्रथम अंगणांतच, डाव्या गुडघ्यापाशीं आला कीं भाकरीचा लहानसा तुकडा द्यावा. मग दोन पावलें, एक तुकडा. चार पावलें, एक तुकडा. दोरी मध्यें तोरणासारखी लोंबली पाहिजे. ती ताणली रे ताणली कीं खांबासारखें उभें राहावें. हिसका नाहीं, आरडाओरड नाहीं. कुत्रा मागें वळून पाहील, दोरी सैल पडेल. त्याच क्षणीं पुढें चालावें. फारच हट्ट धरल्यास तोंड फिरवून उलट दिशेस निघावें. नीट चालला तर एखाद्या झुडपापाशीं मनसोक्त हुंगूं द्यावें; त्यास तें भाकरीहूनही गोड लागतें. दहा मिनिटें पुरे. त्याहून अधिक वेळ ताणल्यास कुत्र्याचा व मालकाचा, दोघांचाही धीर सुटतो.

नोंद ठेवण्याची आमची जन्माची खोड! दारापासून बांधावरील निंबापर्यंत दोरी किती वेळां ताणली, हें आम्ही रोज लिहूं लागलों. पहिल्या दिवशीं ४१, नवव्या दिवशीं १७. पंधराव्या दिवशीं आमच्या नातवानें मोत्याला दोरीस धरून शाळेपर्यंत धूम ठोकली. दुसऱ्या दिवशींचा आंकडा ३०. एकदां ओढूं दिलें कीं कुत्रा तें विसरत नाहीं. आज मिळालें, उद्यांही मिळेल, या आशेवर तो आठवडाभर ओढीत राहतो. तेव्हां घरांतील सर्वांस एकच नियम पाहिजे. नातवास आम्ही रागावलों नाहीं. त्याच्याच हातीं भाकरीचे तुकडे दिले. पांचव्या आठवड्यांत आंकडा तिहींच्या वर गेला नाहीं.

गेल्या २८ सप्टेंबरास, जागतिक रेबीज दिनीं, त्याच बाजाराच्या गांवीं पुन्हां शिबिर होतें. ओढ्याच्या उतारावर आम्ही जरा जपूनच पाऊल टाकलें. मोत्या दोनदां थांबून हुंगला, एकदां बकऱ्यांकडे झेपावला, आम्ही उभे राहिलों तसा परत गुडघ्यापाशीं आला. सुई टोंचतांना नातू त्याचें डोकें धरून बसला होता. लशीचा दाखला आम्ही जमिनीच्या उताऱ्यांच्या पेटींत ठेविला असून पुढील टोंचणीची तारीख दाराच्या चौकटीवर खडूनें लिहिली आहे.