मगरिबच्या आधीचा एक तास

रमजानमध्ये उर्दू शाळा सकाळी भरतात आणि दुपारी लवकर सुटतात. मुले घरी येऊन जरा आडवी होतात. असरची, म्हणजे दिवस कलतानाची, नमाज झाली की गल्लीत उतरतात. मगरिबच्या अजानला, म्हणजे रोजा सोडायला, अजून तास-सव्वा तास असतो. आई ओरडते, "रोजा आहे, पळू नको, तहान लागेल." पोरगा ऐकतो आणि पळतो.

तो गल्लीत मोटारसायकली चुकवत पळतो, कारण शाळेच्या मैदानाला तेव्हा कुलूप असते. हे रमजानपुरते नाही, आणि उर्दू शाळांपुरतेही नाही.

५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे चांगला दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळेतला पी.टी.चा तास आठवड्यातून दोन-तीनदा येतो, आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताचे सर मागून घेतात. उरतो तो शाळा सुटल्यानंतरचा वेळ.

या वेळेचे मोल अमळनेरला कोणी सांगावे! १९२४ ते १९३० साने गुरुजी इथे प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. वर्गाबाहेर ते छात्रालय सांभाळत, मुलांच्या खोल्या झाडत, त्यांच्यासाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढत. पुढे १९४१ मध्ये एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल उभे राहिले आणि गुरुजींनी त्यात जीव ओतला. सेवा दलाची शाखा म्हणजे काय? संध्याकाळी एखादे मैदान, कवायत, लेझीम, कबड्डी, मग गाणी आणि गोष्टी. कोणत्याही जातीधर्माच्या मुलाला तिथे जागा होती. ('इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही याच गुरुजींचे, हे आमच्या पुष्कळ घरांत ठाऊक नसते.)

आज आपली मुले पाच वाजता पांगतात. कोणी ट्यूशनला, कोणी अरबी शिकायला, कोणी स्कूलबसमधून परस्पर घरी. माझ्या वर्गात अठरा वर्षांची दोन मुले शेजारी बसतात, दोघांची घरे दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि ओळख कॉलेजात आल्यावर होते. एक मराठी शाळेतून आलेला, एक उर्दू. लहानपणी एकदाही एका संघात खेळलेले नाहीत. मला खरी काळजी याची वाटते. वजन वाढण्याची त्यानंतर.

खर्चाचे कारण सांगू नये. खो-खोला दोन खांब आणि चुन्याच्या रेषा लागतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत या खेळाचा पहिला विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत तो जिंकला, आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

मुलींसाठी मात्र वेळ नीट ठरवावी लागेल. एकदा घरी गेलेली मुलगी पुन्हा मैदानावर येत नाही. घर कोणत्याही धर्माचे असो. म्हणून खेळ घंटा झाल्याबरोबर सुरू व्हावा, एक शिक्षिका थांबावी, आणि मुली घोळक्याने घरी जाव्यात. आमच्या घरांतून नकार आला, तर अबू दाऊद यांच्या हदीस संग्रहातली नोंद दाखवावी: पैगंबर साहेबांनी हजरत आयेशांशी धावण्याची शर्यत लावली होती, आणि पहिल्यांदा त्या जिंकल्या होत्या.

रोजेदार मुलांचे काय? सुरुवातीला त्यांच्या हाती शिट्टी द्यावी, गुण लिहायला बसवावे. पळायचेच असेल तर शेवटची दहा-पंधरा मिनिटे, म्हणजे घरी जाऊन लगेच खजूर आणि पाणी.

ईद झाली की मी आमच्या भागातल्या शाळेत जाऊन विचारणार आहे, संध्याकाळी फाटकाची किल्ली कोणाकडे असते. मी रोज थांबायला तयार आहे. अजून दोघे-तिघे सोबत आले, तर सहा दिवस वाटून घेता येतील.